चांदनीच्या खिंडीतून कोण कोण गेलं

ज्यूल व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही. पण त्याचा फिलियस फॉग ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायची पैज लावून निघाला, मुंबईला उतरला, रात्रीची आगगाडी धरली आणि 21 ऑक्टोबर 1872 ला दुपारी साडेबाराला बुऱ्हाणपुरात पोचला. त्याच्या नोकरानं, पासपार्तूनं, तिथं खोटे मोती लावलेल्या सपाता विकत घेतल्या. घाईघाईत चार घास खाऊन झाले, गाडी काही वेळ तापीच्या काठानं धावली आणि असीरगडाकडे निघाली. व्हर्ननं तापीची ओळख एक लहानशी नदी म्हणून करून दिली आहे. त्यानं ती श्रावणात पाहायला हवी होती. संध्याकाळी गाडी सातपुड्याच्या खिंडीत शिरते, एवढं सांगून कादंबरी पुढे पळते, कारण फॉगला वेळ नव्हता.

त्या खिंडीत चांदनी आहे. बुऱ्हाणपूर सोडून खांडव्याकडे निघालं की असीरगड रोड, मग चांदनी, मग नेपानगर अशी स्टेशनं लागतात. मोठ्या गाड्या इथं सहसा थांबत नाहीत. खिडकीतून साग, पळस, लालसर माती आणि स्टेशनची पिवळी पाटी दिसते न दिसते तोच गाडी पुढे गेलेली असते. पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर पटकन उत्तर देता यायचं नाही. पण या एवढ्याशा पट्ट्यात आणि त्याच्या आजूबाजूच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत माणसांनी जितक्या तऱ्हेच्या खुणा मागे ठेवल्या आहेत, तितक्या एका जागी क्वचित सापडतील. खडकावर कोरलेल्या आहेत, जमिनीखाली खणलेल्या आहेत, सागाच्या फळ्यांवर आहेत. आणि एक खूण अशी की ती रोज सकाळी घरोघर पोचायची आणि संध्याकाळी रद्दीत जायची.

या सगळ्याचं कारण नकाशात आहे. सातपुडा म्हणजे नर्मदा आणि तापी यांच्यामध्ये आडवी पडलेली भिंत. दोन्ही नद्या पश्चिमेला वाहतात, दोघींची खोरी समांतर, आणि मध्ये काळ्या कातळाचे डोंगर. उत्तरेतून दख्खनेत उतरायचं तर ही भिंत ओलांडायलाच हवी. भिंत बहुतेक ठिकाणी रुंद आणि अवघड आहे. बुऱ्हाणपूर आणि खांडवा यांच्यामध्ये मात्र ती खचल्यासारखी होते. या वाटेनं बैलांचे तांडे गेले, फौजा गेल्या, आणि 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या इंजिनिअरांनीही मुकाट्यानं हीच वाट धरली. मार्च 1870 मध्ये जबलपूरच्या बाजूनं रूळ जुळले आणि मुंबई-कोलकाता सलग रेल्वेमार्ग झाला. (व्हर्ननं आपल्या कथेत दोन वर्षांनंतरही तो अर्धवटच ठेवला, कारण फॉगला हत्तीवर बसवायचं होतं. कादंबरीकाराला एवढी मुभा असायला हवी.) या खिंडीवर नजर ठेवून बसलेला किल्ला म्हणजे असीरगड, आणि ती जिथं मोकळ्या मैदानात उतरते तिथलं शहर म्हणजे बुऱ्हाणपूर. दख्खनचा दरवाजा म्हणतात तो हाच.

दरवाज्यातून आत येणाऱ्याला आपण आलो हे सांगायची फार हौस असते. जानेवारी 1601 मध्ये असीरगड अकबराच्या ताब्यात आला. फारुकी घराण्याच्या खानदेशच्या सुलतानांचा हा शेवटचा आधार. वेढा कित्येक महिने चालला होता. गड पडल्यावर बादशहाच्या विजयाची फारसी नोंद तिथल्या कातळात कोरण्यात आली आणि ती आजही आहे. पुढे शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातल्या नोंदीही त्याच गडावर कोरल्या गेल्या.

आता हे कोरणारा कोण, ते पाहा. त्याचं नाव मीर मुहम्मद मासूम, कवी म्हणून त्यानं घेतलेलं नाव नामी. मूळचा सिंधमधल्या भक्करचा, सिंधच्या इतिहासाचा लेखक, सरदार, वैद्यकही जाणणारा. या गृहस्थाला जिथं जाईल तिथं दगडावर अक्षरं उमटवायचा नाद होता. असीरगडावर त्याची अक्षरं आहेत, बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आहेत, मांडूच्या नीलकंठ महालात अकबराच्या दख्खन मोहिमेवर त्यानं कोरवलेल्या ओळी आहेत. अकबरानं त्याला इराणच्या शाह अब्बासकडे वकील म्हणून पाठवलं, तर त्या वाटेवरही त्यानं खुणा सोडल्या. पर्यटनस्थळी भिंतीवर खिळ्यानं नाव कोरणाऱ्यांचा आपल्याला राग येतो तो बरोबरच आहे. पण त्या नादाला सुंदर हस्ताक्षर आणि बादशाही परवानगी मिळाली तर काय होतं, त्याचं उदाहरण म्हणजे मासूम नामी. सिंधमध्ये सक्करला त्याच्या नावाचा उंच मनोराही उभा आहे.

दगड विजय सांगतो. विजय कसा मिळाला ते सांगत नाही. अकबराच्या दरबारी इतिहासात गडावर रोगराई पसरल्याचं येतं. त्याच वेळी अकबराच्या छावणीत गोव्याहून आलेला एक जेझुइट पाद्री होता, जेरोम झेवियर, संत फ्रान्सिस झेवियरच्या कुटुंबातला. त्याच्या पत्रांवरून पुढे लिहिल्या गेलेल्या हकिकतीत वेगळीच गोष्ट आहे: तहाच्या बोलण्यासाठी बाहेर आलेल्या फारुकी सुलतानाला दगा देऊन अडकवलं आणि आतल्या सरदारांना सोनं चारून दरवाजे उघडवले. इतिहासकार यावर शंभर वर्षं भांडत आहेत. कोरीव लेखापुढे उभं राहताना हे भांडण माहीत असावं असं मला वाटतं, नाहीतर आपण फक्त जिंकलेल्याचं ऐकून घरी येतो.

खुणा कधीकधी चकवतातही. असीरगडावर एक मोहोर मिळाली होती, सहाव्या शतकातल्या मौखरी राजाची, शर्ववर्म्याची. मौखरी म्हणजे कनौजकडचे. मग त्यांचं राज्य इथपर्यंत होतं की काय? कोरीव लेखांचे थोर अभ्यासक जॉन फ्लीट यांनी सावध केलं: ही मोहोर शिंद्यांच्या चीजवस्तूंच्या पेटीत सापडली आहे, आणि पेटी कुठूनही कुठेही जाते. कातळ जागचा हलत नाही, मोहोर मात्र खिशातून जाते. एका छोट्या वस्तूवरून राज्याच्या सीमा आखण्याचा मोह किती सोपा असतो!

मराठी वाचकाला असीरगडाचा आणखी एक धागा आठवेल. नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि इथल्या आसऱ्याला आले. गड शिंद्यांचा, किल्लेदार जसवंतराव लाड. इंग्रजांनी वेढा घातला आणि 9 एप्रिल 1819 ला गड घेतला. तोवर अप्पासाहेब निसटले होते. शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढून तेव्हा दीड वर्षं होत आली होती. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली ही शेवटची मोठी लढाई. गडावर त्या काळातल्या इंग्रजांच्या कबरीही आहेत.

पण मला या परिसरात सगळ्यात थक्क करणारा दगड वाटतो तो बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतला. शहराच्या मधोमध ही मशीद आहे, घुमट नाही, समोर पंधरा कमानींची रांग आणि दोन उंच मिनार. फारुकी सुलतान आदिलशाहानं, म्हणजे राजा अली खानानं, ती बांधवली. आत अरबी लेख आहे, तो असणारच. त्याच्याजवळ एक लेख देवनागरीत, संस्कृत भाषेत आहे. सुरुवात सृष्टिकर्त्याला वंदन करून, आणि तो कर्ता कसा, तर निर्गुण, सर्वव्यापी. शब्द असे निवडले आहेत की पंडितालाही खटकू नयेत आणि मौलवीलाही. मग राजा मलिकपासून आदिलशाहापर्यंत फारुकींची वंशावळ, जणू एखाद्या यादव ताम्रपटातली.

आणि मग तिथी. विक्रम संवत 1646, शके 1511, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष, दशमी संपून एकादशी लागण्याच्या घटिकांसकट, वार सोमवार, नक्षत्र कृत्तिका. ही निव्वळ हौस नाही. एकच सन कोरला असता आणि कोरणाऱ्याकडून एक आकडा चुकला असता तर आपण कायमचे चुकलो असतो. इथं पाच-सहा वेगवेगळी चक्रं एकमेकांना पकडून आहेत. वार सात दिवसांनी फिरतो, नक्षत्र सुमारे सत्तावीस दिवसांनी, तिथी साडेएकोणतीस दिवसांनी, संवत्सर साठ वर्षांनी. ही सगळी एकाच वेळी जुळतील असा दिवस शोधायला गेलं की एकच हाती लागतो: सोमवार, 5 जानेवारी 1590. पडताळून पाहायला सोपं आहे. पौषातली पौर्णिमा पुष्याच्या आसपास येते. तिच्या आधी चार-पाच दिवस चंद्र कृत्तिकेत असायला हवा, आणि लेख तेच सांगतो.

यात एक बारीक गंमत आहे. साठ संवत्सरांचं चक्र उत्तरेत आणि दख्खनेत वेगवेगळं चालतं. एके काळी दोन्ही एक होती, मग उत्तरेत मधूनमधून एकेक संवत्सर गाळायची पद्धत राहिली आणि अंतर वाढत गेलं. शके 1511 ला विरोधी संवत्सर येतं ते दख्खनच्या हिशेबानं, म्हणजे आपल्या घरातल्या पंचांगाच्या. त्याच दगडावर विक्रम संवत आहे, तो उत्तरेचा आणि गुजरातचा. म्हणजे हे शहर कुठल्या सीमेवर उभं आहे हे लेखानं कुठंही न लिहिता सांगून टाकलं आहे. रायबहादूर हिरालाल यांनी हा लेख वाचून एपिग्राफिया इंडिकामध्ये छापला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या लेखांची जी यादी त्यांनी केली, तिच्यावाचून आजही कुणाचं पान हलत नाही.

बुऱ्हाणपूर हे नावही आपल्याकडून गेलेलं. फारुकी नासिर खानानं शहर वसवलं आणि नाव दिलं ते खुलताबादेत चिरनिद्रा घेणाऱ्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. तापीच्या पलीकडच्या काठावरच्या जैनाबादेला त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी यांचं.

वाटेनं आलेला पाहुणा नाव कोरून जातो. ज्याला इथं राहायचं असतं त्याला आधी पाणी लागतं. 1615 च्या सुमारास बुऱ्हाणपूरचा कारभार अब्दुल रहीम खानखानान पाहत होता. दोह्यांचा कर्ता रहीम तो हाच. लष्करी तळ, सराया, विणकरांचे माग, सगळं वाढत होतं. तापी जवळ, पण शहर तिच्या उंच काठावर. मग नदीकडे पाठ करून सातपुड्याच्या पायथ्याकडे पाहिलं गेलं. पावसाचं पाणी डोंगरउतारावर मुरतं आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकत असतं. त्या वाटचालीत त्याला गाठायचं, आणि कुठलीही मोट, रहाट न लावता शहरात आणायचं. इराणात कनात नावानं ही विद्या हजारो वर्षं चालत आली आहे. बुऱ्हाणपुरात तिचं नाव कुंडी भंडारा. खुनी भंडारा म्हणूनही लोक ओळखतात.

युक्ती उताराची आहे. डोंगर जितका उतरतो त्याहून कितीतरी कमी उताराचा बोगदा खणायचा. वरच्या टोकाला तो भूजलात बुडालेला असतो. पुढे जमीन झपाट्यानं खाली येते, बोगदा मात्र अगदी सावकाश, म्हणून शेवटी पाणी आपोआप जमिनीजवळ येऊन पोचतं. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडून काढेल, कमी झाला तर गाळ साचेल. चारशे वर्षांपूर्वी, दुर्बीण लावलेलं कुठलंही मोजमापाचं यंत्र नसताना, सुमारे चार किलोमीटर लांबीत हा तोल सांभाळला गेला आहे. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर उभ्या विहिरी, म्हणजेच कुंड्या, शंभराहून अधिक. त्यांतून खणलेली माती वर निघायची, हवा खाली जायची, आणि पुढे गाळ काढायला माणूस उतरायचा. काही ठिकाणी ही खोली 80 फुटांच्या घरात आहे. आता एके ठिकाणी लिफ्ट बसवली आहे. खाली उतरलं की घोट्याभर नितळ पाणी आणि भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर.

वर मात्र काय दिसतं? शेतांतून, माळावरून एका रेषेत गेलेले गोल कठडे. पावसाचं घाण पाणी आत जाऊ नये म्हणून बांधलेले. एकावरही नाव नाही, सन नाही. पण त्या रेषेवरून चालत गेलात तर पायाखाली वाहणारं पाणी कुठून कुठं जातं ते बिनचूक कळतं. मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत हा भंडारा आला तेव्हा बातम्या रहीमच्या नावानं झाल्या. अंधारात वाकून एकेक टोपली माती वर पाठवणाऱ्यांचा उल्लेख कुठं येणार!

गंमत अशी की त्याच दशकात, रहीमच्या फौजांशी ज्याची लढाई चालू होती तो मलिक अंबर आपल्या नव्या राजधानीत, खडकीला, हेच करत होता. तिथली, म्हणजे पुढच्या औरंगाबादची, नहर-ए-अंबरी याच तत्त्वावर चालते. 1620 मध्ये अंबरच्या मराठा घोडदळानं बुऱ्हाणपूरला गराडा घातला आणि खानखानान आत कोंडला गेला. भंडाऱ्यामुळे आतल्यांना पाण्याची काळजी किती कमी झाली असेल, याचा मला अनेकदा विचार येतो. दोन वैरी, आणि दोघांच्या शहरांची तहान एकाच विद्येनं भागलेली.

आता खिंडीत परत येऊ, कारण या सगळ्या गर्दीच्या आधीपासून इथं राहणारे लोक आहेत. मेळघाटातून धारणीवरून बुऱ्हाणपूरकडे येणारा रस्ता ज्या जंगलातून जातो ते कोरकूंचं. कोरकू भाषा मराठीच्या, हिंदीच्या किंवा गोंडीच्या कुळातली नाही. तिची भावंडं थेट झारखंडात, मुंडारी आणि संथाळी. त्या कुळाचं हे पश्चिमेकडचं शेवटचं टोक. कोरकू आपल्या मृतांची आठवण ठेवतात ती मुंड्यावर. सागाची जाड फळी, तिच्यावर सूर्य, चंद्र, माणसांच्या आकृत्या, घोडेस्वार. सिडोली नावाचा विधी झाला की मृत माणूस पूर्वजांत सामील होतो आणि मुंडा गावाजवळ झाडाखाली रोवला जातो. आपल्या गावाबाहेरचे वीरगळ आठवा; सूर्यचंद्र तिथंही वरच्या कोपऱ्यात असतात. फरक इतकाच की वीरगळ लढून मेलेल्याचा असतो आणि मुंडा कुणाचाही, अगदी म्हातारपणानं अंथरुणात गेलेल्या आजीचासुद्धा. आणि लाकूड आहे, म्हणून काही पिढ्यांनी ते वाळवी आणि पावसाच्या हवाली होतं. आठवण ठेवणारे गेले की आठवणही गेली. यात कोरकूंना काही वावगं वाटत नाही. वाटतं ते आपल्याला, संग्रहालयात काचेमागे मुंडा उभा करणाऱ्यांना.

खुणांचा विषय निघालाच आहे तर पाट्यांबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. आपल्याकडच्या संरक्षित वास्तूपुढची निळी पाटी आठवा. 1958 चा कायदा, इतका दंड, इतकी कैद. वास्तू कुणाची, कधीची, आणि तिच्याकडे पाहावं कशासाठी, हे पुष्कळदा त्या पाटीवर नसतंच. शिक्षा आधी आणि इतिहास जमलंच तर! चांदनीसारख्या ठिकाणी तर दोन्ही नाही. आणि तरी, स्वतंत्र भारताच्या सुरुवातीच्या धाडसी उद्योगांपैकी एक याच स्टेशनाच्या कुशीत वाढला.

1947 च्या जानेवारीत, स्वातंत्र्याच्या सात महिने आधी, नायर प्रेस सिंडिकेट या खासगी कंपनीनं नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्सची स्थापना केली. त्या वेळी देशातलं प्रत्येक वर्तमानपत्र परदेशी कागदावर छापलं जात होतं. मराठी असो, हिंदी असो, इंग्रजांना शिव्या देणारं असो, कागद बोटीतून यायचा, कॅनडातून किंवा उत्तर युरोपातून. युद्धात बोटी अडकल्या की पानं कमी व्हायची. आपला कागद आपण करायचा, हे ठरवणं सोपं होतं. कशापासून करायचा हा खरा पेच होता. वर्तमानपत्राचा कागद स्वस्त हवा, शाई पटकन शोषणारा हवा आणि फिरत्या छापखान्यात ताण बसला तरी न फाटणारा हवा. थंड देशांतल्या स्प्रूससारख्या झाडांचे लांब तंतू हे काम करतात. तसली झाडं आपल्याकडे फक्त हिमालयात.

निमाडच्या डोंगरांवर मात्र एक झाड होतं ज्याला लाकूडतोडे विचारत नव्हते. साळई. खडकाळ, कोरड्या, दुसरं काही नीट उगवत नाही अशा उतारांवर उभी राहणारी. साल कागदी पापुद्र्यांसारखी सुटते, खोडाला चीर दिली की सुवासिक डिंक पाझरतो. धुपात जळतो तो हाच, आणि आयुर्वेदातली शल्लकी म्हणजेही हीच. लाकूड मऊ, इमारतीला कुचकामी. तिचे तंतू आखूड, म्हणून जोडीला बांबू. साळईचे ओंडके फिरत्या दगडावर पाण्याच्या धारेखाली घासून लगदा करायचा, बांबू रसायनांत शिजवून त्याचा लांब तंतूंचा लगदा करायचा, आणि दोन्ही मिसळायचे. झाड जंगलात, बांबू जंगलात, पाणी तापीचं, आणि दारात मुंबईला जाणारी रेल्वे. बादशहांना या खिंडीतून फक्त पलीकडे जायचं होतं. कागदवाल्यांनी इथंच मुक्काम ठोकला.

खासगी कंपनीला हे पेललं नाही. 1949 मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारनं गिरणी ताब्यात घेतली. त्या सरकारची राजधानी नागपूर. चांदनीच्या नावानं 17 मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं. आज एका नव्या केंद्राचा एकच संच त्याच्या तीसपट वीज देतो, पण ज्या रानात संध्याकाळनंतर कंदीलच होते तिथं ते काय वाटलं असेल! जंगल तोडून वसाहत आखली गेली, आणि गिरणीच्या इंग्रजी नावावरून गावाचं नावच नेपानगर पडलं. कुठून कुठून माणसं आली: खानदेशातली, वऱ्हाडातली, निमाडातली, आणखी लांबची. 1955 च्या सुरुवातीला यंत्रावरून कागद निघू लागला आणि 26 एप्रिल 1956 ला पंडित नेहरूंनी गिरणी देशाला अर्पण केली.

या तारखेपुढे मी थोडा थांबतो. त्या दिवशी बुऱ्हाणपूर आणि अकोला एकाच राज्यात होते, नागपूरहून चालणाऱ्या. सहा महिन्यांनी, 1 नोव्हेंबरला, राज्यं भाषेप्रमाणे नव्यानं आखली गेली. विदर्भ एकीकडे गेला, निमाड दुसरीकडे, आणि ज्या सचिवालयानं गिरणी उभी केली ते तिच्यासाठी परक्या राज्यात जाऊन बसलं. बुऱ्हाणपुरात आजही घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारी कुटुंबं भरपूर आहेत. त्यांनी कुठंही स्थलांतर केलेलं नाही, रेषाच त्यांच्या अंगावरून गेली.

सुरुवातीची क्षमता वर्षाला 30 हजार टन. देशाच्या भुकेपुढे हे थोडं होतं, पण 1981 पर्यंत भारतात वर्तमानपत्राचा कागद करणारी दुसरी गिरणीच नव्हती. म्हणजे पंचवीस वर्षं, तुमच्या आजोबांच्या दारात पडणाऱ्या पेपरचा कागद एक तर समुद्रापलीकडून आलेला असायचा किंवा या खिंडीतून. कागद इतका अपुरा की 1962 पासून त्याचं वाटप सरकारी हुकमानं व्हायचं. आणि 1972 मध्ये दहा पानांची मर्यादा घातली गेली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बेनेट कोलमन खटल्यात न्यायालयानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निकाल दिला की पानं तोडणं म्हणजे बोलणं तोडणं. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा एवढा मोठा निकाल, आणि त्याच्या मुळाशी लगद्याची टंचाई!

जुना पेपर पिवळा का पडतो, हेही साळईच्याच गोष्टीत बसतं. लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. महागड्या कागदात रसायनांनी तो काढून टाकतात. दगडावर घासलेल्या लगद्यात तो तसाच राहतो. ऊन आणि हवा लागली की लिग्निन बदलतो आणि कागद पिवळा, मग तपकिरी, मग ठिसूळ होतो. माळ्यावर ठेवलेलं 1960 चं वर्तमानपत्र उलगडताना त्याचे तुकडे हातात येतात ते यामुळं. मासूम नामीच्या अक्षरांना चार शतकं झाली. या कागदावर छापलेल्या ठळक मथळ्यांना चाळीस वर्षं तग धरणंही जड जातं, आणि देशाचा रोजचा इतिहास मात्र त्यांच्यावरच लिहिला गेला आहे. अभिलेखागारांमध्ये त्या काळाच्या फायली वाचवण्यासाठी चाललेली धडपड पाहिली की हे जाणवतं.

साळई आणि बांबूचे साठे गिरणीची भूक फार काळ भागवू शकले नाहीत. हळूहळू कच्चा माल बदलला आणि रद्दी आली. परदेशी कागद स्वस्त झाला, यंत्रं जुनी झाली, 2016 मध्ये उत्पादन थांबलं. केंद्रानं पैसे घालून यंत्रं नवी केली आणि ऑगस्ट 2022 मध्ये गिरणी पुन्हा सुरू झाली. आता छपाईचा पांढरा कागदही तिथं होतो.

रद्दीतून शाई काढायची रीत पाहण्यासारखी आहे. जुना पेपर कोमट पाण्यात साबणासारख्या रसायनांबरोबर घुसळतात. तंतू पाण्यावर प्रेम करणारे, ते ओले होऊन खाली राहतात. शाईचे कण तेलकट, त्यांना पाणी नको असतं. मग टाकीच्या तळातून हवेचे बुडबुडे सोडतात. शाई बुडबुड्यांना चिकटते आणि वर येते, गुळाच्या कढईत रस उकळताना मळी तरंगते तशी, आणि वरचा काळा फेस खरवडून काढतात. उरतो तो करडा-पांढरा लगदा. प्रत्येक फेरीत तंतू थोडे तुटतात, आखूड होतात; पाच-सात वेळा वापरल्यावर ते इतके बारीक होतात की जाळीतून पाण्याबरोबर निसटून जातात. म्हणून लगद्यात अधूनमधून नवे, लांब तंतू मिसळावे लागतात, आणि ते अजूनही कुठल्यातरी झाडाचे असतात.